आधी प्रेशर मोजलं, मग पंप बदलला

आमच्या गाडीचा फ्युएल पंप एका दिवसात गेला नाही. गेल्या उन्हाळ्यापासून तो हळूहळू थकत चालला होता आणि दर वेळी दुखणं भलत्याच कशाचं तरी वाटत होतं. गाडी २००८ ची, एमएच १५ म्हणजे नाशिक पासिंगची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. बाबांनी नवी घेतलेली. २०२३ मध्ये १५ वर्षं पुरी झाली तेव्हा पेठ रोडच्या आरटीओत नेऊन पुढच्या ५ वर्षांसाठी पासिंग करून आणली. इंजिन आजही ऑइल पीत नाही, पत्रा शाबूत आहे. अशी गाडी एका पंपापायी काढून टाकायची माझी तयारी नव्हती, आणि अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसायचीही नव्हती. जुनी एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) गाडी जपणारे बरेच जण आहेत, त्यांच्या कामी येईल म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

पहिलं लक्षण घाटात दिसलं. कॉलेज रोड, गंगापूर रोड, शहरात कुठेही गाडी ठणठणीत. पण मुंबईहून येताना कसारा घाट लागला, गाडीत चौघं असले आणि एसी चालू असला, की तिसऱ्या गिअरला ती उचलेनाशी व्हायची. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तर झटके देणार, पाय थोडा सैल केला तर उलट बरी चालणार. ही खूण फार महत्त्वाची आहे. पाय हलका असताना पंप जेवढं पेट्रोल पाठवतो तेवढ्यात इंजिनाचं भागतं. चढावर पूर्ण दाबलं की मागणी वाढते, पंप कमी पडतो, हवा जास्त आणि पेट्रोल कमी असं मिश्रण जातं आणि गाडी मिसिंग मारते.

मग एप्रिल-मेच्या दुपारी दुसरा त्रास सुरू झाला. उन्हात चालवून आणलेली गाडी दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू होईना. सेल (स्टार्टर) जोरात फिरतोय, इंजिन धरत नाही. सावलीत अर्धा तास ठेवली की काही झालंच नाही अशी चालू. सकाळच्या पहिल्या स्टार्टलाही सेल जास्त वेळ मारावा लागायला लागला. आणि बाबा मागच्या सीटवर बसले की म्हणायचे, "अरे, खालून भुंगा अडकल्यासारखा आवाज येतोय." पुढे बसणाऱ्याला तो आवाज टायरच्या आवाजात कळत नव्हता. टाकी भरलेली असली की आवाज कमी, काटा खाली आला की जास्त.

पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. दोषाचा कोड काही आला नाही. मग प्लग बदलले, एक इग्निशन कॉइल बदलली, थ्रॉटल बॉडी साफ केली, ४,२०० रुपये झाले. तेवढ्यात पाऊस सुरू झाला, हवा गार झाली, गाडी बरी चालली आणि सगळ्यांना वाटलं काम झालं. ऑक्टोबरचं ऊन पडलं तसं पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. स्कॅनरवर कोड न येण्याचा इथे अर्थ एवढाच, की या गाडीच्या कॉम्प्युटरला पेट्रोलचं प्रेशर कळायची सोयच नाही. आपल्याकडे कारना ओबीडीचं, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखायच्या यंत्रणेचं, बंधन २०१० पासून आलं. त्याआधीच्या साध्या गाड्यांत फ्युएल लाइनवर प्रेशरचा सेन्सर नसतो. पंप निम्म्या ताकदीवर आला तरी स्कॅनर "सब ठीक" म्हणणार.

खरी दिशा मिळाली ती घोटीजवळ. इगतपुरीहून परत येताना गाडी चालता चालता बंद पडली आणि रस्त्याकडेच्या एका वयस्कर मिस्त्रींनी हात दिला. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. पेट्रोलचं झाकण काढायला लावलं, भरायच्या तोंडाशी कान नेला आणि म्हणाले, "चावी ऑन करा दादा, सेल मारू नका." चावी ऑन केल्यावर पंप साधारण दोन सेकंद चालून लाइनमध्ये प्रेशर भरतो आणि इंजिन फिरेपर्यंत थांबतो. तेवढा वेळ बारीक गूं ऐकू यायला हवं. आलं नाही. मग ते गाडीखाली सरकले आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने टाकीच्या तळाला दोन-तीन ठोके दिले. "आता मारा." गाडी पहिल्या सेलला चालू! "पंप जायला आलाय दादा. सरळ घरी जा, मधी कुठं बंद करू नका." पैसे घ्यायला तयार नव्हते, आग्रहाने चहाचे दिले.

ठोक्याने पंप का चालतो, हे मी मोटरवर काम करणारा माणूस असल्यामुळे लगेच समजलं. मी अंबडच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. टाकीतला पंप म्हणजे लहान डीसी मोटरच. तिला कार्बन ब्रश असतात आणि ते कॉम्युटेटरवर, म्हणजे फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, घासतात. पेट्रोल या मोटरच्या आतूनच जातं आणि तिला थंड ठेवतं. आत ठिणग्या उडाल्या तरी पेटत नाही, कारण पेट्रोलने भरलेल्या जागेत जळायला हवा नसते. ब्रश झिजले, कॉम्युटेटरचा एखादा पट्टा जळका झाला आणि मोटर नेमकी तिथेच थांबली की पुन्हा फिरत नाही. ठोका बसला, रोटर केसभर सरकला की चालू.

पण तेवढ्यावर पंप विकत घ्यायला मी गेलो नाही. ठोक्याने टाकीवरचा कनेक्टरही हलतो. कनेक्टर सैल असेल, रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) जळका असेल, अर्थिंग गंजलं असेल, तरी लक्षणं थेट हीच दिसतात आणि नवा पंपही महिन्याभरात तसाच रडायला लागतो. कितीतरी लोकांनी पंप बदलून दुखणं तसंच राहिल्याचं मी ऐकलंय. म्हणून नाशिकमधल्याच द्वारकेजवळच्या एका मिस्त्रींकडे गेलो, कारण त्यांच्याकडे फ्युएल प्रेशरचं गेज आहे. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. व्होल्ट-ॲम्पिअर मोजायचा मीटर मी माझा नेला.

आमच्या गाडीच्या रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) गेज लावायला व्हॉल्व्ह नाही. त्यामुळे इंजिनाकडच्या पाइपमध्ये टी-जॉइंट टाकून गेज बसवावं लागलं. या गाडीला सुमारे ३.५ बार, म्हणजे ५० पीएसआय लागतं. आयडलवर काटा ३४ वर थांबला. रेस दिली की २६. इंजिन बंद केलं आणि गेजकडे बघत राहिलो, तर काही मिनिटांत काटा शून्यावर. सकाळी सेल का जास्त मारावा लागतो त्याचं उत्तर तिथेच मिळालं. पंपाच्या तोंडाशी एकाच दिशेने पेट्रोल सोडणारा व्हॉल्व्ह असतो, तो धरत नसला की रात्रीतून लाइन रिकामी होते. इंजेक्टर गळत असले तरी प्रेशर असंच उतरतं. पण मग प्लग ओले निघतात आणि स्टार्टला काळा धूर येतो. आमचे प्लग कोरडे होते.

आता पंपाला मिळणारी वीज. इथे एक गोष्ट ठासून सांगतो. कनेक्टर काढून मोकळ्या पिनांवर व्होल्टेज मोजणं म्हणजे स्वतःला फसवणं आहे. वायरच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असली तरी मीटर १२ दाखवतो, कारण त्यातून काही वाहतच नसतं. पंप चालू असताना, कनेक्टर लावलेलाच ठेवून, मागून बारीक पिना घालून मोजायचं. आमच्याकडे इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ होते आणि पंपावर ११.२. वाटेत २.७ व्होल्ट खाल्ले जात होते! कुठे, ते दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजून काढलं. बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत १.५ आणि पंपाच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत १.२. प्लसकडचा दोष रिलेत निघाला, आतले पॉइंट काळे पडले होते. अर्थचा बोल्ट मागच्या कार्पेटखाली पत्र्यावर होता आणि वर्षानुवर्षं पाणी मुरून त्याखाली गंज धरला होता. तो पॉलिश पेपरने घासून चकाकता केला, वायरच्या टोकाला नवा लग (धातूची कडी) दाबला, वर थोडं ग्रीस. रिले १८० रुपयांचा. पुन्हा मोजलं तर पंपावर १३.४.

गाडी तिथेच सुधारली असं वाटावं इतका फरक पडला. आयडलला ४१, रेसला ३३. उस्ताद म्हणाले, "साहेब, रोडवर बघू. उभ्या गाडीला कशाला विचारायचं?" त्यांनी गेजची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज काचेवर बाहेरच्या बाजूने वायपरपाशी चिकटवलं. पेट्रोलचं गेज गाडीच्या आत कधीही आणायचं नाही, नळी निसटली तर आगीशी गाठ. द्वारकेचा उड्डाणपूल चढताना पूर्ण दाबलं आणि काटा माझ्या डोळ्यांसमोर २४ वर आला, त्याच क्षणी गाडीने झटका दिला. एवढ्या महिन्यांचा त्रास असा समोर काट्यावर दिसला तेव्हा खरंच हायसं वाटलं.

शेवटची चाचणी ॲम्पिअरची. पंपाचा फ्यूज काढून त्या जागी मीटर १० ॲम्पिअरच्या रेंजवर लावला. आकडा स्थिर राहीना, ४ वरून ७ वर, पुन्हा ५ वर. धड पंप एका आकड्यावर टिकतो. पुढचा फिल्टर चोंदला असता तर आकडा चढलेला पण ठाम राहिला असता. खालीवर उड्या म्हणजे ब्रश गेले. आता पंप बदलायचा निर्णय घेताना मनात किंतू राहिला नाही.

खरेदीत दोन मतं होती. नुसती मोटर १,८०० ला मिळत होती, पूर्ण असेंब्ली ६,४०० ला. मी असेंब्ली घेतली आणि तेच बरोबर होतं असं मला वाटतं. आमच्या असेंब्लीत फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर आणि वाकणारा नायलॉनचा पाइप एकत्रच आहेत. सतरा वर्षांचा पाइप कडक झालेला असतो, मोटर काढताना तो तडकतो, आणि मग लोक तिथे बाहेर वापरायचा साधा रबरी पाइप घालतात. पेट्रोलमध्ये कायम बुडून राहायला वेगळ्या प्रतीचा पाइप लागतो. साधा पाइप आतून फुगतो, बाहेरून विरघळतो आणि प्रेशर टाकीतच गळत राहतं, बाहेर टिपूसही दिसत नाही. पार्ट घेताना चॅसी नंबर नेला, कारण एकाच मॉडेलला सालाप्रमाणे फ्लोट (पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता भाग) आणि कनेक्टर बदलतात. दुकानात एक स्वस्तातला नगही दाखवला. बॉक्स हुबेहूब, पण पिना पातळ, वरच्या तबकडीच्या कडेला प्लास्टिकचे फाटे राहिलेले आणि गळती रोखणारी रबरी ओ-रिंग सोबत नाही. ओ-रिंग नसलेली असेंब्ली घेऊच नये, जुनी रिंग पुन्हा बसत नाही. पार्ट नंबर लिहिलेलं पक्कं बिल घेतलं.

काम भल्या सकाळी, उस्तादांच्या गॅरेजपुढच्या उघड्या जागेत केलं. उन्हात पेट्रोलची वाफ जास्त निघते. टाकी पाव भरेल एवढंच पेट्रोल ठेवलं होतं, बाकीचं हातपंपाने कॅनमध्ये काढलं. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढणारे अजून दिसतात. ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, कृपा करून करू नका. आग विझवायचा सिलिंडर जवळ ठेवला, मोबाइल लांब टेबलावर, चारही दारं उघडी.

मागच्या सीटची बैठक उचलली की कार्पेटखाली पत्र्याचं झाकण आहे. ते काढलं आणि आत तांबूस मातीचा थर! चिमटीत धरता येईल इतका. हीच माती टाकी उघडताच आत पडते, म्हणून आधी ब्रशने आणि हवा मारून जागा लख्ख केली. घरचा व्हॅक्यूम क्लीनर इथे आणू नये, त्याच्या मोटरच्या ठिणग्या वाफेला पेटवू शकतात. मग पंपाचा कनेक्टर काढून इंजिन चालू केलं, लाइनमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडलं, वर एकदा सेल मारला. आता लाइनमध्ये प्रेशर नाही. त्यानंतर बॅटरीचं मायनस काढलं. क्रम हाच ठेवायचा, नाहीतर पाइप काढताना पेट्रोल डोळ्यांत उडतं. हातमोजे आणि चष्मा होताच, तरी पाइपभोवती फडकं गुंडाळूनच क्लिप दाबली.

मोठी लॉक रिंग फिरेना. उस्तादांनी लोखंडी छिन्नी हातात घेऊ दिली नाही. लाकडाचा ठोकळा रिंगच्या दातांना टेकवून रबरी हातोडीने सगळीकडून थोडं थोडं मारत गेले आणि ती सुटली. असेंब्ली सरळ वर ओढायची नाही. ती तिरकी करत, फ्लोटची काडी आधी मोकळी करत बाहेर घ्यायची. काडी वाकली तर पेट्रोलचा काटा कायमचा खोटं बोलतो. असेंब्लीच्या तळाच्या वाटीत पाऊण लिटरभर पेट्रोल असतं, ते सीटवर सांडलं की वास महिनाभर जात नाही. म्हणून खाली पसरट डबा धरला.

जुन्या पंपाची जाळी मूळची पांढरी, ती चहाच्या रंगाची झाली होती. टाकीच्या तळाशी पिठासारखा बारीक गाळ आणि एका कोपऱ्यात पाण्याचे थेंब वेगळे दिसत होते. सुती धागे न सुटणाऱ्या कापडाने तळ पुसला. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल बरंच बोललं जातं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि टाकीतला जुना थर सोडवतं हे खरं, आणि २०२३ आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरी भाग २० टक्क्यांसाठी बनवलेले नव्हते हेही खरं. पण आमचा पंप त्यामुळेच गेला असं मी म्हणणार नाही. त्याचं वय झालं होतं आणि तो कमी व्होल्टेजवर राबत होता.

नवी ओ-रिंग पेट्रोलचं बोट फिरवून बसवली, ग्रीस नाही. जुनी रिंग शेजारी ठेवली तर बोटाच्या पेराएवढी जास्त लांब झालेली, खाचेत मावेना. तबकडीवरचा बाण टाकीवरच्या खुणेशी जुळवला, वरून हाताने दाबून धरलं आणि रिंग सरळ आट्यांवर बसली की नाही हे बघूनच फिरवली. पाइप टक् आवाज करून बसला, तरी एकदा मागे ओढून पाहिला. बॅटरी जोडली. लगेच सेल मारला नाही. चावी ऑन-ऑफ काही वेळा केली आणि त्या वेळी बाबा झाकणापाशी वाकून बघत होते. "कोरडं आहे रे," ते म्हणाले, "आणि आवाज बघ किती बारीक झालाय."

गेज पुन्हा लावलं. आयडलला ५०, रेसला ५०, उड्डाणपुलावर पूर्ण दाबून ४९. बंद केल्यावर दहा मिनिटांनी ४६. ॲम्पिअर ४.६ वर ठाम. झाकण लगेच लावलं नाही. शहरात एक चक्कर मारून पुन्हा सीट उचलली, वास घेतला, बोट फिरवून पाहिलं आणि मगच नवा सीलंट लावून बंद केलं. मजुरी ८०० रुपये.

जुना पंप मी घरी आणून पूर्ण वाळल्यावर करवतीने कापला. एक ब्रश जवळपास संपलेला, त्याची स्प्रिंग कॉम्युटेटरला टेकायच्या बेतात होती. कॉम्युटेटरवर दोन पट्टे काळे ठिक्कर, बाकीचे पिवळसर. घोटीला मोटर अडली ती या दोन पट्ट्यांपाशीच असणार.

त्यानंतरच्या रविवारी कसाऱ्यापर्यंत खाली उतरून घाट पुन्हा चढलो. चौघं, एसी चालू, तिसरा गिअर. गाडी एकदाही अडखळली नाही. इगतपुरीला दहा मिनिटं गरम गाडी मुद्दाम बंद केली आणि पहिल्या सेलला चालू झाली.

आता एकच गोष्ट वेगळी झाली आहे. नव्या फ्लोटमुळे पेट्रोलचा काटा पूर्वीपेक्षा थोडा वर दाखवतो. म्हणून लाल दिवा लागला त्या वेळी ५-५ लिटर मोजून भरत काट्यावर खुणा लिहून घेतल्या. दिवा लागतो तेव्हा आत साधारण ४ लिटर असतात आणि पाव टाकीची रेघ १० लिटरला येते. पंपाला थंड राहायला पेट्रोल लागतं, तेव्हा उन्हाळ्यात या रेघेच्या खाली आम्ही जात नाही. रिलेचा एक जादा नग आणि १५ ॲम्पिअरचे दोन फ्यूज ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवले आहेत.